जादाची वाटी

गेल्या रविवारी मी एका मटण खाणावळीत एकटा गेलो, एकटा जेवलो आणि थाळी वाटून खाल्ल्याचा भुर्दंड भरून बाहेर पडलो. बिलाचा कागद अजून पाकिटात आहे आणि तो टाकून देण्याची माझी तयारी झालेली नाही. त्यावर ‘मटण थाळी १, रु. ४२०’ असे आहे आणि त्याखाली ‘शेअरिंग १, रु. १५०’ असे आहे. ज्या गृहस्थांबरोबर मी थाळी वाटून घेतली असे खाणावळीचे म्हणणे आहे, ते मटण खात नाहीत.

या खाणावळीचा शोध आमच्या कट्ट्यावरच्या एका मित्राने लावला होता. शनिवारी संध्याकाळी टेकडी उतरून आल्यावर आम्ही काही खवय्ये एकत्र बसतो आणि आठवड्यात कोणी कुठे काय खाल्ले याचा हिशेब एकमेकांना देतो. आमच्यात एखादे ठिकाण मान्य व्हायचे तर ते गल्लीत आत असावे लागते, त्याचा फलक रस्त्यावरून दिसता कामा नये, चारचाकी लावायला जागा नसावी आणि मालक शक्यतो तुसडा असावा. जिथे सहज जागा मिळते आणि वाढपी हसून बोलतो, तिथल्या रश्शाला आमच्यात कोणी हिंग लावून विचारत नाही. मिसळीबरोबर नाशिकसारखा पाव हवा की कोल्हापूरसारखा स्लाइस ब्रेड, या प्रश्नावरून दोन सभासदांचा अबोला अजून चालू आहे. आणि ठाण्याच्या मामलेदार मिसळीला ते नाव शेजारच्या मामलेदार कचेरीमुळे मिळाले हे ज्याला माहीत नाही त्याने मिसळीवर मत देऊ नये, असा तिसऱ्याचा दंडक आहे. अशा मंडळीत ‘पुण्यात अस्सल कोल्हापुरी’ अशी बातमी आली की ती तपासून यावी लागते. न गेल्यास पुढच्या शनिवारी तोंड उघडण्याचा अधिकार राहत नाही.

खाणावळ सर्व निकषांना उतरत होती. आत लांबलचक बाक होते आणि भिंतीवर ‘ताटात हात धुऊ नयेत’, ‘उधारी बंद आहे’ आणि ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये’ अशा तीन पाट्या होत्या. तिसरी पाटी मी वाचली आणि ती आपल्याला लागू नाही अशा निश्चिंतपणे बसलो. ताट आले. सुके मटण, तांबडा, पांढरा, ज्वारीची भाकरी, कांदा-लिंबू, भाताची मूद आणि वाटीऐवजी पेल्यात सोलकढी. मी तांबड्याचा पहिला घोट घेतला, तोच समोरच्या रिकाम्या जागेवर पार्सलचा टोकन हातात धरलेले एक गृहस्थ येऊन बसले. पांढरा स्वच्छ सदरा, कातरलेल्या मिशा आणि मुद्रेवर परीक्षकाचे गांभीर्य.

“साहेब, आधी तांबडा घेतला तुम्ही?”

“हो.”

“मग संपलंच की.”

काय संपले हे विचारण्याची सोय नव्हती, कारण त्यांनी ते लगेच सांगायला घेतले. पांढरा आधी प्यायचा असतो, तोही वाटी तोंडाला लावून. त्याने पोटाला अस्तर बसते. मग तांबडा कितीही ढकला, बाधत नाही. अस्तराशिवाय ढकलला तर काय होते, ते त्यांनी हाताच्या एका खुणेने दाखवले आणि शेजारी जेवणाऱ्या मुलाने आपला घास खाली ठेवला.

“जरा पांढऱ्याची वाटी हलवा बघू.”

मी वाटी हलवली. भरल्या ताटावर बसलेल्या माणसाला अनोळखी व्यक्तीने अधिकारवाणीने काही सांगितले की हात आपोआप हलतो. लहानपणी पंगतीत वडीलधाऱ्यांचे ऐकत जेवलेल्या पिढीची ही खोड आहे. ते पुढे वाकले, त्यांनी डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला.

“खसखस कमी हाय. आणि कडेला बघा, नारळाचं दूध फुटलंय. आच मोठी ठेवली असणार.”

सांगायला वाईट वाटते, पण बोलणे शास्त्रशुद्ध होते. पांढरा रस्सा म्हणजे मटण शिजल्यावर निघालेल्या अळणी पाण्यात वाटलेली खसखस, काजू किंवा तीळ आणि नारळाचे दूध, आणि हे दूध घातल्यावर रस्सा खळखळून उकळला तर तो फुटतो, म्हणून मंद आचेवरच ठेवायचा असतो. हे मला ठाऊक होते आणि कट्ट्यावर हेच मी स्वतः सांगणार होतो. माझ्याच वाटीबद्दलचे माझे मत मी बनवण्याआधीच समोरच्याने ते जाहीर केले, याचा मला खरा राग आला. आता मी काहीही म्हटले तरी ते त्यांचेच म्हणणे होणार होते.

“आणि ही गुलाबी काय वस्तू?”

“सोलकढी.”

“ती कोकणातली. कोल्हापूरच्या ताटात तिचं काय काम? तिथं दह्यातला कांदा पाहिजे.”

“आपण कोल्हापूरचे का?”

“न्हाय. बार्शी. कोल्हापूर आमची सासुरवाडी.”

माझा असा अनुभव आहे की खुद्द कोल्हापूरचा माणूस पुण्यात आला की रश्शाबद्दल एकदा हळहळतो आणि मिळेल ते जेवतो; जावयाला मात्र अशी ढिलाई परवडत नाही. या गृहस्थांनी मग मला तांबड्याचा रंग आणि तांबड्याचा तिखटपणा यांत फरक कसा करावा, हे सांगितले. कोल्हापुरी म्हणजे नुसते झणझणीत असे समजणारे लोक पुण्यात फार आहेत असे ते म्हणाले, आणि त्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिले. कांदा-लसणाची चटणी घरची असली तर तवंग कसा येतो, विकतची असली तर कसा येतो, यावर बोलताना त्यांनी माझ्या वाटीतल्या तवंगाकडे इतक्या दुःखाने पाहिले की मलाच त्याची लाज वाटू लागली. माझी भाकरी एव्हाना वातड झाली होती.

“मग तुम्हीही एक थाळी का मागवत नाही?” मी शेवटी म्हणालो. स्वरातला वैताग मी लपवला नव्हता.

त्यांनी शांतपणे सदऱ्याचे वरचे बटण काढले आणि आतली तुळशीची माळ दाखवली.

“माळकरी हाय. वारी करतो. मटणाला हात लावत न्हाय.”

“मग हा रस्सा...”

“वासाला बंदी न्हाय.”

पार्सल साडूंसाठी होते. साडू कोल्हापूरहून आले होते आणि पुण्यात आल्यावर त्यांनी, कोणत्या दुष्ट हेतूने कोणास ठाऊक, कोल्हापुरी थाळीची फर्माईश केली होती. घरी पोहोचेपर्यंत आपली अब्रू डब्यात बंद असणार, या काळजीने हे गृहस्थ माझ्या ताटावर रंगीत तालीम करत होते. हे समजल्यावर मला त्यांची क्षणभर दया आली आणि त्याच क्षणी ते वाढप्याला म्हणाले, “ए बाळा, साहेबांना एक रिकामी वाटी आण.”

दोन भाग तांबडा आणि एक भाग पांढरा वेगळ्या वाटीत मिसळून त्यात भाकरी कुस्करायची, असा त्यांचा बेत होता. असे मिसळावे की नाही याबद्दल जाणकारांत दुमत आहे, पण दुमत मांडायला मला उसंत मिळाली नाही. वाढप्याने वाटी आणली आणि रीतसर त्यांच्यासमोर ठेवली. “मी हात लावत न्हाय, तुम्हीच ओता,” असे ते म्हणाले. मी हात लांब करून त्यांच्यासमोरच्या वाटीत माझा रस्सा ओतत असताना गल्ल्यावरच्या मालकांनी मान वर केली.

त्यानंतरचा संवाद गल्ल्यापाशी झाला.

“हे गृहस्थ माझ्याबरोबरचे नाहीत,” मी म्हणालो.

“एका टेबलावर होतात.”

“बाक तुमचा आहे. बसायला जागा तुम्ही दिलीत.”

मालकांनी माझ्याशी वाद घातला नाही. ते वाढप्याला म्हणाले, “थाळीत रश्शाच्या वाट्या किती?”

“दोन.”

“गेल्या किती?”

“तीन.”

“अहो, ते माळकरी आहेत! खाणार कसे?”

“काका, कोण काय खातं ते आम्ही बघत नाही. आम्ही वाट्या बघतो.”

मी न्यायाने बोलायचे ठरवले तर पाटीमागचे कारण मला कळते. रस्सा हवा तितका वाढायचा म्हटल्यावर एक थाळी मागवून चौघे रश्शावर पोट भरणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि मालकाने त्यांच्यापासून स्वतःला वाचवलेच पाहिजे. पण पाटीवर ‘जेवू नये’ असे होते, ‘वाटी मागू नये’ असे नव्हते, आणि दीडशेचा आकडा तर कुठेच नव्हता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगून ठेवले आहे की उपाहारगृहाने सेवाशुल्क आपोआप बिलात घालू नये आणि दुसऱ्या कुठल्या नावानेही वसूल करू नये. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. हे मी मालकांना सांगितले. “हा सर्व्हिस चार्ज कुठाय? सेवा केली का तुमची काही?” असे ते म्हणाले आणि मागे रांगेत उभे असलेले लोक हसले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मला पाठ आहे. परंतु तिथे दूरध्वनी उचलणाऱ्या व्यक्तीला माळकरी, साडू, खसखस आणि तिसरी वाटी हे सगळे कोणत्या क्रमाने सांगावे, हे मला सुचेना.

सर्वांत अधिक खटकले ते त्याखालचे. त्या दीडशेवर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागला, म्हणजे साडेसात रुपये, आणि तो नियमाप्रमाणे निम्मा निम्मा विभागला गेला. ज्या ताटात कोणीही वाटेकरी नव्हता, त्या ताटाचे केंद्र आणि राज्य असे दोन वाटेकरी झाले, प्रत्येकी ३ रुपये ७५ पैशांचे. कट्ट्यावर हे सांगितले तेव्हा ज्याने ही खाणावळ शोधली त्या मित्राने सहानुभूतीचा एक शब्दही न काढता एवढेच विचारले, की खसखस खरोखर कमी होती का.

पण गल्ल्यापाशीच थांबतो, कारण तिथले अजून थोडे उरले आहे. मी पैसे द्यायला कां-कूं करत होतो तेव्हा ते गृहस्थ टोकन घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ज्यांच्यामुळे हे घडले ते आता तरी तोंड उघडतील, निदान माळ तरी पुन्हा दाखवतील, या आशेने मी त्यांच्याकडे पाहिले.

“देऊन टाका हो साहेब,” ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “दीडशे रुपड्यांसाठी अन्नाला नावं ठेवू नये.”

मी पैसे दिले. मग त्यांचे पार्सल आले. पिशवीचे तोंड उघडून त्यांनी वास घेतला आणि मालकांना, माझ्यादेखत, खसखशीबद्दल जे सांगायचे ते सांगितले. मालक उखडले नाहीत. उलट त्यांनी हात जोडले, आत हाक मारली आणि पांढऱ्या रश्शाची एक जादा पिशवी त्यांच्या पार्सलमध्ये घातली. तिचे पैसे लावले नाहीत.