जावई आणि खरखर

दर रविवारी आप्पा, म्हणजे माझे सासरे, मला जुनी गाणी ऐकायला बोलावतात, असं मी तीन वर्षं समजत होतो. ते बोलावतात खरखर ऐकायला.

चावीचा ग्रामोफोन, लाखेची तबकडी. पिन टेकते आणि फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. लगेच तोंडी परीक्षा. "ही कसली?"

"धूळ," मी.

"धूळ तुमच्या डोक्यात, जावईबापू! ही जातिवंत खरखर." लाखेत दगडाची पूड कालवत, ती मुद्दाम. पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या मापाची व्हावी म्हणून. त्यामुळे दर बाजूला नवी पिन. गाणं तीन-सव्वातीन मिनिटांचं, पूर्वतयारी सत्यनारायणाची.

मग 'टक्... टक्... टक्'. हा चरा. मिनिटाला 78 फेरे, फेऱ्याला एक टक्. आप्पा त्यावर मान डोलावतात. खरं सांगायचं तर लयीला तो तबलजीपेक्षा पक्का आहे.

एकदा बाईंचा सूर छान वरखाली झुलला. मी संधी साधली. "वा! काय आंदोलन!"

"आंदोलन कसलं? तबकडीचं भोक मधोमध नाहीये."

तेव्हापासून मी दाद देणं बंद केलं. 1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झालेल्या गायिका गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात, तेवढंच मला निःशंकपणे कळतं.

गेल्या रविवारी आप्पा अंघोळीला गेले असताना मी पुण्य पदरात पाडून घ्यायचं ठरवलं. कापसाचा बोळा, थोडं स्पिरिट, आणि एक तबकडी घासून लख्ख. बोळा काळाकुट्ट झाला. केवढा हा मळ, म्हणून मी खूश. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटातच विरघळवतो, हे मला आठवलं तेव्हा दुसरा बोळाही काळा झाला होता.

आप्पा आले. नेमकी तीच तबकडी उचलली. नवी पिन, चावी, भस्माची बोटं कपाळाला. पिन टेकली आणि पत्र्यावर कुणी पाटीभर वाळू ओततंय असं वाटलं. बाई कुठेतरी त्या वाळूखाली असाव्यात.

मी चपला कुठे काढल्यात ते आठवू लागलो. आप्पांनी डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली. मग कान कर्ण्याजवळ नेऊन म्हणाले,

"ही मी कधीच ऐकली नव्हती. पुन्हा लावा बरं."