‘आर्मी’ आपल्या ‘आरमारा’तून निघालेली नाही

भरतीच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. म्हणणं असं, की इंग्रजांकडे लढाईसाठी स्वतःचा शब्दच नव्हता. ‘आरमार’वरून त्यांनी ‘आर्मी’ केली, ‘कप्तान’वरून ‘कॅप्टन’, ‘वार’वरून ‘वॉर’, ‘नाव’ म्हणजे होडी, तिच्यावरून ‘नेव्ही’. देशाबरोबर शब्दही लुटून नेले. मी धुळ्यात, देवपुरात, पोलीस आणि लष्कर भरतीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. परवा एका मुलीच्या वहीत हीच यादी लाल शाईच्या चौकटीत उतरवलेली दिसली. मुलं हे पाठ करायला लागली म्हटल्यावर गप्प बसवेना.

आधी आरमार घेऊ. आरमार पाण्यावरचं, आर्मी जमिनीवरची. अर्थच जुळत नाही. त्यातून ‘आरमार’ हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांच्या ‘आर्मादा’वरून मिळाला, आणि पोर्तुगीज कालिकतला उतरले 1498 मध्ये. ‘आर्मी’ इंग्रजीत फ्रेंचमधून आली ती चौदाव्या शतकातच. ईस्ट इंडिया कंपनी निघाली 1600 मध्ये. जी माणसं अजून इकडे फिरकलीच नव्हती, ती शब्द नेणार कुठून? दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनमध्ये, शस्त्र या अर्थाच्या शब्दात आहे. एक समुद्रमार्गे आपल्याकडे आला, दुसरा फ्रान्समार्गे त्यांच्याकडे गेला.

कप्तानही पोर्तुगीजच. काडतूस, पिस्तूल तसेच, आणि महिनाअखेरीला आपण ज्याची वाट बघतो तो पगारसुद्धा. फौज आणि किल्ला अरबी, लष्कर फारसी, तोफ तुर्की. यात मला कमीपणा वाटत नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. कोणता शब्द बाहेरचा, हे त्या दरबाराला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी आरमार उभं केलंच.

‘वॉर’ जुन्या जर्मानिक बोलीतून फ्रेंचमार्गे बाराव्या शतकातच इंग्रजीत पोचला. मूळ अर्थ गोंधळ, धुमश्चक्री. आपल्या वाराशी त्याचं फक्त उच्चारापुरतं साम्य. ‘नेव्ही’ आणि ‘नाव’ यांचं नातं मात्र खरं आहे, पण ते चुलत भावंडांचं. लॅटिन आणि संस्कृत एकाच फार जुन्या भाषेच्या लेकी, म्हणून दोघींच्या घरी बोटीचा शब्द सारखा.

आता ‘स्वतःचा शब्दच नव्हता’ हे. तलवार, भाला, ढाल, बाण यांचे इंग्रजी शब्द अस्सल त्यांचे आहेत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली, म्हणून ‘बॅटल’, ‘सोल्जर’, ‘सीज’ तिकडून आले. ‘सोल्जर’च्या मुळाशी रोमन नाणं आहे: पगारावर लढणारा तो सोल्जर. ‘सीज’चा मूळ अर्थ बसणं. वेढा घालून बसले, असंच आपणही म्हणतो. अकबर असीरगडाला असाच बसला होता. 1601 मध्ये गड पडला आणि खानदेशची फारुकी सत्ता संपली. हा अर्थ सांगितल्यापासून वर्गात ‘सीज’ कुणी विसरत नाही.

इंग्रजीने आपल्याकडून घेतलेले शब्द आहेतच, आणि नेमके तेच त्या मजकुरात नाहीत. ‘लूट’ हा शब्द त्यांनी हिंदुस्थानीतून जसाच्या तसा उचलला. ‘डकैत’, म्हणजे दरोडेखोर, हाही. ते वापरले कुणासाठी, हे खानदेशने विचारायला हवं. फेब्रुवारी 1818 मध्ये थाळनेरला किल्ल्याच्या दरवाजाशी झटापट होऊन दोन इंग्रज अधिकारी मारले गेले, तेव्हा इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपने आतली शिबंदी कापून काढली आणि शरण आलेल्या किल्लेदाराला फाशी दिलं. त्या फाशीवर ब्रिटिश संसदेतही प्रश्न उठला. पुढे भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक, ज्यांनी सेंधव्याच्या घाटाची राखण केली होती, 1857 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले, आणि 11 एप्रिल 1858 ला अंबापाणीला भिल्लांनी लढाई दिली. तिला सरकारी इंग्रजीत युद्ध म्हटलं गेलं नाही. शब्द वापरले ते बंडाचे आणि दरोड्याचे. आपलाच शब्द आपल्याच माणसांवर डागण्यासारखा लावला गेला. राग यायचाच असेल तर तो इथे यावा. ‘कॅप्टन’वर कसला राग काढायचा?

हे सांगत होतो तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “सर, मंग भिल्ल कोरमधला ‘कोर’ बी आपलाच शे का?” नाही. 1825 मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला खानदेश भिल्ल कोर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली, त्यातला ‘कोर’ फ्रेंच, आणि त्याआधी लॅटिन, म्हणजे शरीर. मी फळ्यावर इंग्रजीत लिहिला तर निम्म्या वर्गाने ‘कॉर्प्स’ वाचला. तसा उच्चार केला तर अर्थ होतो प्रेत. त्या शब्दाला शेवटी एक ‘ई’ जास्त असतो, मूळ दोघांचं एकच. सैन्याच्या ‘कोर’मधले शेवटचे दोन वर्ण, ‘पी’ आणि ‘एस’, मुके.

त्या मुलीने लाल चौकटीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: कोर, शेवटचे दोन मुके, धरणगाव 1825.