गोधडी, मेणबत्ती आणि वेध लागलेलं दूध

मला दरवर्षी ऑक्टोबरात एक झटका येतो. मोबाईलवर त्या थंड देशातल्या बायका दिसायला लागतात, पायात लोकरीचे मोजे, हातात तांब्याएवढा मग, अंगावर ब्लँकेट, शेजारी मेणबत्ती, खिडकीबाहेर लाल-पिवळी पानं पडतायत आणि बाई नुसती बसलीये. कुकरची शिट्टी नाही, ‘अगं माझा चार्जर कुठंय’ नाही, काही नाही. मला त्या पानांचं फार कौतुक नाही, त्या नुसतं बसण्याचा मात्र भयंकर हेवा वाटतो.

बरं, ऋतू आपल्याकडेही तोच चालू असतो. शरद. आश्विन-कार्तिक. शाळेत निबंधात निरभ्र आकाश, टिपूर चांदणं वगैरे लिहून आपण मार्क घेतलेत, पण दुपारी दोन वाजता पाठीवरून ज्या धारा वाहतात त्यांचा उल्लेख एकाही निबंधात नसायचा. पाऊस गेलेला, ढग नाहीत, वारा नाही, जमिनीत ओल आणि वरून कडकडीत ऊन, म्हणजे अख्ख्या पुण्यावर झाकण ठेवून कुणीतरी मंद आचेवर वाफ काढतंय. याला चांगला मराठी शब्द असायला हवा होता, पण सगळे ‘ऑक्टोबर हीट’च म्हणतात, बहुतेक इतक्या उकाड्यात नवीन शब्द शोधायची ताकद कुणात नसते.

तर २०२३ साली मी ठरवलं की काही झालं तरी यंदा एक दिवस घरात छान उबदार, निवांत वगैरे बसायचं. दिवस निवडला शनिवार, २८ ऑक्टोबर. कोजागिरीही त्याच दिवशी, म्हणजे रात्री आयतं मसाला दूध. त्याच रात्री चंद्रग्रहणही आहे हे मी बघितलं नव्हतं. माझ्या एकूण प्लॅनिंगची लेव्हल यावरून कळावी.

पहिली पायरी गोधडी. आजीच्या लुगड्यांची, हातशिलाईची, दिवाणाच्या पोटात पावसाळाभर झोपलेली. झाकण उघडलं तर कुबट वास आणि डांबराच्या गोळ्यांचा वास असे दोघं हातात हात घालून बाहेर आले. गच्चीवर वाळत घालायला गेले तर सगळ्या दोऱ्यांवर सोसायटीतल्या सगळ्यांच्या गाद्या, रजया, उश्या. दसरा होऊन चार दिवस झालेले आणि दिवाळी समोर, म्हणजे प्रत्येक घरातली बाई त्याच मोहिमेवर. शेवटी पाण्याच्या टाकीवर पसरली. तासाभरात खाली आणली तर ती गोधडी राहिली नव्हती, तवा झाली होती. तिच्यावर भाकरी भाजता आली असती.

पानगळीचाही प्रॉब्लेम. आपल्याकडे झाडं पानं टाकतात ती फेब्रुवारी-मार्चात, ऑक्टोबरात ती हिरवीगार उभी असतात, मागच्या चार महिन्यांत एवढं पाणी प्यायल्यावर कशाला गळतील बिचारी. मग मी दसऱ्याची उरलेली आपट्याची पानं टीपॉयवर पसरली आणि दाराचं सुकलेलं झेंडूचं तोरण काढून मधे गोल ठेवलं. केशरी, तपकिरी, बघायला अगदी तसंच. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगं, निर्माल्य घरात का पसरलंयस?’

भोपळा तर पाहिजेच होता. भाजीवाल्याला म्हटलं अख्खा द्या. त्याने मला एकदा नीट बघितलं आणि विचारलं, ‘ताई, कार्य आहे का घरात?’ आता याला काय सांगायचं की सजावटीला हवाय? पावशेराची फाक घेऊन आले. टीपॉयवर पाच मिनिटं होती, फोटो काढायच्या आत आईंनी उचलून किसलीसुद्धा, गूळ घातला, कणीक घातली आणि घारगे तळायला घेतले. ऑक्टोबरातली दुपार, छोटं स्वयंपाकघर आणि कढईत तापलेलं तेल. उबदार वाटायचं होतं ना, वाटलं.

मग मेणबत्ती. व्हॅनिला-दालचिनीच्या वासाची, किंमत घरात कुणाला सांगितलेली नाही. पंखा चालू ठेवला की मेणबत्ती विझते आणि पंखा बंद केला की मी विझते. तीनदा लावली. शेवटी पंखा बंद करून, गोधडी पायावर घेऊन, निग्रहाने बसले, घाम कपाळावरून नाकावर आणि नाकावरून पुस्तकावर. तेवढ्यात खिडकीतून सप्तपर्णी घुसली. आमच्या रस्त्यावर दुतर्फा सप्तपर्णी आहेत आणि नेमक्या याच दिवसांत फुलतात. पहिले दोन दिवस काय सुंदर वास म्हणून आपणच कौतुक करतो, तिसऱ्या दिवसापासून डोकं धरतं. त्यात व्हॅनिला, त्यात डांबरगोळी, त्यात तळणाचा वास. आई खोलीत डोकावल्या आणि काळजीने म्हणाल्या, ‘लाइट गेलेत का गं? इन्व्हर्टर लाव की.’

नवरा या सगळ्यात हॉलमध्ये बनियनवर वर्ल्डकप बघत होता. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, धरमशाळेला. मॅच भारी होती, ऑस्ट्रेलियाने ३८८ केले आणि न्यूझीलंड फक्त पाच रन्सनी हरले, पण माझं लक्ष स्टेडियममागच्या डोंगरांकडे. म्हटलं, ‘बघ, याला म्हणतात हवा.’ तो म्हणाला, ‘हो ना, बॉल काय मस्त येतोय बॅटवर.’

आता दूध. दोन लिटर सकाळीच आटवून झालं होतं, चारोळ्या, बदाम, केशर, वेलची, जायफळ सगळं घालून, कारण मधेच कळलं होतं की ग्रहणाचे वेध दुपारपासूनच लागतायत. रात्री १ वाजून ५ मिनिटांनी स्पर्श, सव्वादोन उलटून गेल्यावर मोक्ष. सोसायटीच्या ग्रुपवर तर युद्धच पेटलं. एक पार्टी म्हणे कार्यक्रम शुक्रवारीच उरकायला हवा होता (हे शनिवारी सांगून काय उपयोग), दुसरी म्हणे नैवेद्यापुरतं दूध आणि पळीभर प्रसाद चालतो, तिसरी म्हणे मोक्षानंतर अडीचला स्नान करून प्यायचं, आणि चौथ्या मजल्यावरचे एक काका सगळ्यांना पृथ्वीची सावली कशी पडते त्याची आकृती काढून पाठवत होते. शेवटी गच्चीवरचा कार्यक्रमच रद्द झाला आणि भेळेची वर्गणी परत द्यायची का यावर नवीन भांडण सुरू झालं.

आमच्या घरचा निकाल आईंनी दिला. दुधात तुळशीचं पान टाकलं आणि म्हणाल्या, ‘बाल, वृद्ध आणि आजारी यांना वेध पाळायची गरज नाही. मी वृद्ध, ही बाल. तुम्ही दोघं थांबा.’ आणि नातीला घेऊन आठ वाजता बाल्कनीत बसून दोघींनी दोन-दोन ग्लास दूध आणि चार-चार घारगे हाणले. नवऱ्याने ‘मला सकाळपासून कणकण वाटतेय’ म्हणून बघितलं, पण दिवसभर मॅच बघताना ओरडलेला माणूस आजारी कसा धरणार.

मग आम्ही जागलो. म्हणजे मी जागले, तो साडेअकराला बाल्कनीतल्या खुर्चीतच घोरायला लागला. कोजागिरीला लक्ष्मी ‘को जागर्ति?’, कोण जागं आहे, असं विचारत फिरते म्हणतात, आमच्या घरी येऊन त्या घोरण्याने दारातूनच परत गेली असणार. एकच्या पुढे ग्रहण लागलं. ज्यासाठी अख्खी सोसायटी दोन दिवस भांडली ते ग्रहण म्हणजे उंदराने पोळीचा काठ कुरतडावा इतकंच. चंद्र बाकी जसाच्या तसा, टिपूर.

आणि दोनच्या सुमारास काय झालं कोण जाणे, हवा बदलली. सप्तपर्णीचा वास एकदम हलका झाला, खाली रस्त्यावर एक गाडी नाही, ग्रुपसुद्धा गप्प, आणि पायांना चक्क गार लागलं. मी आत जाऊन गोधडी आणली. डांबराचा वास होताच. पांघरून बसले, अडीचला दूध जरा कोमट करून आणलं, पंखा नको, मेणबत्ती नको, फोटो काढायला मोबाईल आत चार्जिंगला आणि उठायची अजिबात इच्छा नाही. चारोळ्या चावत नुसती बसले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आईंचा आवाज आला, ‘कोण जागं आहे गं?’

म्हटलं, ‘मी, आई.’

‘मग त्या दुधाच्या पातेल्यात पाणी घालून ठेव. बुडाला लागलंय, सकाळी घासून निघत नाही.’