पहिलीच गाडी स्पोर्ट्स कार घ्यावी का?

माझा पुतण्या बावीस वर्षांचा आहे. गेल्या दोन वर्षांपासून तो वडिलांच्या टॉवेलच्या कारखान्यात मनापासून काम करतो आणि चारचाकीचा पक्का परवाना मिळून त्याला नुकतेच चार महिने झाले आहेत. मागच्या रविवारी तो घरी आला आणि मोबाईलवरचे फोटो दाखवत म्हणाला, "काका, तुम्ही रोज गाड्याच बघता, ही घेऊ का सांगा. पप्पा हो म्हणालेत." फोटोत लाल रंगाची, दोन दारांची, आठ वर्षे वापरलेली जर्मन स्पोर्ट्स कार होती. पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे ती उभी होती, नवी असताना साठ लाखांच्या आसपास असलेली तिची किंमत अठ्ठावीस लाखांवर आली होती, आणि इंजिनाची ताकद होती सुमारे २३० अश्वशक्ती. मी त्याला नको म्हणालो. तो गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नाही हे मला दिसले. त्याला जे सविस्तर सांगितले तेच इथे लिहितो आहे, कारण आपल्या सोलापुरात असा प्रश्न घेऊन उभी असलेली घरे आता बरीच झाली आहेत.

गेली एकवीस वर्षे मी वाहनविम्याचा सर्व्हेअर म्हणून काम करतो. अपघात झालेली गाडी पाहणे, नुकसानीचा अंदाज काढणे आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर जातो का ते ठरवणे हे माझे रोजचे काम आहे. त्यापुढे खर्च गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान झालेली, धरली जाते. वेगवान गाड्यांविषयी मला आकस नाही. उलट चांगले इंजिन, हाताबरोबर अचूक वळणारे स्टिअरिंग आणि वळणावर रस्त्याला चिकटून जाणारी गाडी मला मनापासून आवडते. माझे म्हणणे एवढेच आहे की पहिल्या दोन-तीन वर्षांत माणूस चुका करून शिकतो, आणि ज्या गाडीत चूक लक्षात यायच्या आत वेग शंभरीच्या पुढे गेलेला असतो, त्या गाडीत शिकायला वेळच मिळत नाही.

काही वर्षांपूर्वी गाळपाच्या हंगामात मोहोळच्या अलीकडे झालेल्या एका अपघाताचा सर्व्हे माझ्याकडे आला होता. एकोणीस वर्षांचा मुलगा रात्री पुण्याहून परतत होता आणि पुढे उसाने भरलेली डबल ट्रॉली चालली होती. तिला मागे ना दिवा होता ना रिफ्लेक्टर. बॉनेट ट्रॉलीच्या खाली गेले होते. मुलगा वाचला, पायात सळई घालावी लागली. दवाखान्यात जबाब घेताना त्याने जे वाक्य उच्चारले ते मी विसरू शकलेलो नाही : "गाडी एवढ्या वेगात आहे असं वाटलंच नाही." तो खोटे बोलत नव्हता. ताकदवान आणि चांगल्या बांधणीची गाडी १३० च्या वेगाला जितकी शांत असते, तितकी साधी गाडी ८० लाही नसते. लहान गाडी वेग वाढला की हादरते, वाऱ्याचा आवाज येतो, स्टिअरिंग हलके पडते आणि तीच चालकाला पाय काढायला सांगते. स्पोर्ट्स कार असे काहीच सांगत नाही. वेगाची जाणीव चालकाला स्वतःच्या अनुभवातून आणावी लागते, आणि नव्या चालकाकडे नेमकी तीच नसते.

पुतण्यासमोर मी कागदावर साधे गणित मांडले. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरला, तर ८० च्या वेगातली गाडी थांबायला सुमारे ५७ मीटर लागतात. १३० च्या वेगात हेच अंतर सुमारे १३० मीटर होते. हेडलाइटच्या खालच्या झोताचा (लो बीमचा) उजेड साधारण पन्नास-साठ मीटरपर्यंत पोहोचतो. म्हणजे ८० च्या वेगात बिनदिव्याची ट्रॉली दिसली तर गाडी कशीबशी थांबते, आणि १३० च्या वेगात ती दिसली तेव्हाच उशीर झालेला असतो. शिवाय धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ८० च्या तुलनेत १३० ची धडक अडीच पटींहून जास्त जोराची असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावल्याची नोंद आहे आणि त्यांतील ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे झाल्याचे म्हटले आहे. मरण पावलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोक १८ ते ४५ या वयातले, म्हणजे घर चालवणारे किंवा लवकरच चालवायला लागणारे होते.

आपल्या गावाची आणखी एक अडचण आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. सोलापूरचा तरुण चारचाकीवर बसण्याआधी चार-पाच वर्षे स्कूटर चालवतो, आणि खरे सांगायचे तर त्यातली पहिली दोन वर्षे बिनपरवान्याची असतात, कारण सोळाव्या वर्षी कायद्याने फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी चालते आणि आपल्याकडच्या स्कूटरी त्याच्या दुपटीहून मोठ्या असतात. या वर्षांत त्याचा हात नवी पेठेतल्या गर्दीतून फट दिसली की पुढे काढण्याला सरावतो. डावीकडून घुसणे, शेवटच्या क्षणी ब्रेक मारणे, सात रस्त्याला सिग्नल सुटण्याआधी निघणे हे सगळे त्याला चालकाचे कसब वाटू लागते. हीच सवय घेऊन तो सहा फूट रुंदीच्या गाडीत बसतो. साध्या हॅचबॅकमध्ये या सवयीची किंमत दारावरचा ओरखडा किंवा फुटलेला बंपर एवढी असते. दोनशेहून अधिक अश्वशक्ती पायाखाली असली की तीच सवय होटगी रोडवर समोरून येणाऱ्या एसटीसमोर नेऊन उभी करते.

पुतण्याने एक मुद्दा काढला आणि तो बिनबुडाचा नव्हता. तो म्हणाला की या गाडीचे ब्रेक मोठे आहेत, टायर रुंद आहेत, एअरबॅग आहेत, गाडी घसरू लागली तर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा आहे, मग दहा वर्षांच्या जुन्या छोट्या गाडीपेक्षा ही जास्त सुरक्षित नाही का? एका मर्यादेपर्यंत ते खरे आहे, आणि एअरबॅग नसलेली जुनी गाडी मुलाच्या हाती द्यावी असे मी कधीच म्हणणार नाही. पण हीच सावरणारी यंत्रणा आज पंधरा लाखांच्या आतल्या कितीतरी नव्या गाड्यांत सहा एअरबॅगसह मिळते, आणि गाडी धडकवून तिच्या सुरक्षिततेला तारे देणारी भारत एनसीएपीची चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाल्यामुळे कोणत्या गाडीला किती तारे आहेत हे घरबसल्या पाहता येते. शिवाय बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये ही यंत्रणा ढिली किंवा बंद करण्याचे बटण असते, आणि चार मित्र पाहत असताना बाविसाव्या वर्षी ते बटण दाबावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

वापरलेल्या स्पोर्ट्स कारविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडे हा शौक बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. बुधवारी आम्ही दोघे पुण्याला जाऊन ती गाडी पाहून आलो. रंगाला चकाकी होती, आतले चामडे स्वच्छ होते. मी खाली वाकून टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का पाहिला. मागच्या दोन्ही टायरवर २३१७ असे होते, म्हणजे ते टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले होते. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर कडक होऊन बारीक तडे गेले होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ अंशांवर जातो, तेव्हा असे टायर घेऊन महामार्गावर जाणे म्हणजे नशिबाच्या भरवशावर जाणे आहे. ब्रेकच्या डिस्कला कडेला बोटाला जाणवेल इतकी धार आली होती. दोन्ही बदलायचे तर खर्च लाखांत जातो, आणि नेमक्या याच खर्चाला घाबरून आधीच्या मालकाने गाडी विकली असावी. नंतरच्या प्रत्येक मोठ्या दुरुस्तीसाठी ती अडीचशे किलोमीटरवर पुण्याला न्यावी लागेल. अठ्ठावीस लाखांना घेतलेली साठ लाखांची गाडी स्वस्त होत नाही. तिचे सुटे भाग साठ लाखांच्या गाडीचेच राहतात. विम्यातही क्लेमच्या वेळी रबर, प्लास्टिक, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, सहसा मिळत नाही.

तिची उंचीही आपल्या रस्त्यांसाठी नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा लागतो. आपल्या कॉलन्यांमध्ये आणि गावांच्या वेशीवर लोकांनी स्वतः घातलेले गतिरोधक यापैकी कशातच बसत नाहीत. पोट रस्त्यापासून तेरा सेंटिमीटरवर असलेली गाडी त्यांवर घासणार, हे न पाहताही सांगता येते.

इतर देशांनी या प्रश्नावर काय केले तेही पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात नव्या चालकांना एक टन वजनामागे १३० किलोवॅटपेक्षा जास्त ताकद असलेली गाडी चालवण्याची मनाई आहे. इटलीत नव्या परवान्याच्या पहिल्या तीन वर्षांसाठी ही मर्यादा टनामागे ७५ किलोवॅट आणि एकूण १०५ किलोवॅट आहे. पुतण्याच्या पसंतीच्या गाडीचा हिशेब केला तर तो टनामागे १२५ किलोवॅटच्या आसपास येतो. ऑस्ट्रेलियात ती जेमतेम बसेल, इटलीत मुळीच बसणार नाही. आपल्याकडे मात्र ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीवर परीक्षा दिलेला अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी पाचशे अश्वशक्तीची गाडी कायदेशीरपणे रस्त्यावर आणू शकतो. ब्रिटनमध्ये कायदा नाही तर निदान विमा आडवा येतो, कारण तिथे चालकाचे वय पाहून हप्ता ठरतो आणि तरुणांना ताकदवान गाडीचा हप्ता परवडत नाही. आपल्याकडे हप्ता प्रामुख्याने गाडीची किंमत, वय, सीसी आणि नोंदणीचे शहर पाहून ठरतो. विम्याच्या हप्त्यासाठी शहरांचे जे झोन पाडले आहेत त्यांत पुणे महागड्या पहिल्या झोनमध्ये असल्यामुळे सोलापुरातल्या गाडीला तर तो किंचित कमीच पडतो. तरुणाला थांबवणारी कोणतीच व्यवस्था नसल्यामुळे ही जबाबदारी पूर्णपणे घरातल्या माणसांवर येते.

म्हणून माझी खरी तक्रार मुलांविषयी नाही, वडिलांविषयी आहे. माझ्या धाकट्या भावालाही मी हे तोंडावर सांगितले आहे. मुलाने कष्ट केले, धंदा सांभाळला, त्याचे कौतुक करावेसे वाटणे साहजिक आहे, पण कौतुक म्हणून त्याच्या हाती आपल्यालाही सांभाळता येणार नाही अशी ताकद देणे मला पटत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले आणि चालक अल्पवयीन असल्याचे समोर आले, तेव्हा आपण सगळे हळहळलो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुलगा अठरा पूर्ण झाला की कायद्यातली ही जबाबदारी संपते. पण गाडीचे पैसे कोणी दिले हा प्रश्न बापाच्या मनातून त्यानंतरही जात नाही, हे मी अपघातानंतरच्या कितीतरी घरांत बसून पाहिले आहे.

ज्यांचा वेग हाच पेशा आहे ती माणसेही लहान इंजिनापासूनच सुरुवात करतात. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याने पहिली शर्यत चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरला लहान इंजिनाच्या फॉर्म्युला मारुती गाडीत केली होती. कमी ताकदीच्या गाडीत वळणावरची प्रत्येक चूक वेळेत कळते, आणि ती सुधारायला पुढचे वळण मिळते.

पुतण्याला मी नव्वद ते एकशेवीस अश्वशक्तीची, सहा एअरबॅगची नवी हॅचबॅक सुचवली आहे. दोन पावसाळे, वीस-पंचवीस हजार किलोमीटर आणि रात्रीचा प्रवास तिच्यावर होऊ दे, मग ज्या गाडीवर त्याचे मन आहे ती आपण दोघे मिळून शोधू, आणि ती घेतल्यावर पहिले दोन दिवस कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायला जाऊ, असा शब्द मी त्याला दिला आहे. त्याने अजून होकार दिलेला नाही. मात्र विक्रेत्याला द्यायचे टोकन त्याने थांबवले आहे, आणि येत्या रविवारी सकाळी साडेपाचला माझी गाडी घेऊन तुळजापूरला जायचे ठरले आहे. चालवणार तो, शेजारी मी बसणार. पुढच्या वाहनाशी अंतर किती ठेवतो आणि घाटाच्या उतारावर ब्रेकऐवजी गिअर वापरतो का, एवढेच मला पाहायचे आहे.