नागपूरकर, ३१ डिग्रीत मी का चालले त्याचं उत्तर

जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या ट्रायथलॉनवर (पोहणं, सायकल आणि पळणं अशी सलग रेस) मी लिहिलं होतं त्याखाली नागपूरच्या एका वाचकांची भली मोठी प्रतिक्रिया आलीये. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं, की आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि त्यातही माणसं कामं करतात, तुम्ही ३१ डिग्रीला 'भयंकर ऊन' म्हणता, जेमतेम १० किलोमीटरच्या रनमध्ये पाण्याच्या प्रत्येक स्टॉलला चालता आणि वर ते अभिमानाने लिहिता, याला रेस म्हणतात का, खरे खेळाडू थांबत नाहीत. वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी सूट) घालून तरंगणं म्हणजे पोहणं नाही असंही मधे एक वाक्य आहे. आणि मग शेवटी खरी गोष्ट आलीये. त्यांचा भाचा यंदा गोव्याच्या ७०.३ ला, म्हणजे आयर्नमन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या अर्ध्या अंतराच्या रेसला उतरतोय, माझं वाचून तो म्हणाला की मीपण असंच चालत-पळत करणार, तर 'पोरांच्या डोक्यात हे भरवू नका'.

भाच्याचा उल्लेख नसता तर दोन ओळीत आभार मानून विषय सोडला असता. पण एक मुलगा खरंच स्टार्ट लाइनवर उभा राहणार आहे आणि त्याला घरून सांगितलं जातंय की थांबायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दादा, माझं माहेर अकोल्याचं. ४५ काय असतं ते मी पेपरात वाचलेलं नाही. नवतपा लागला की खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, डोक्याला दुपट्टा, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, हे सगळं मी बघत मोठी झाले. आमच्या वावरातली माणसं त्या दिवसांत काम करायची हे अगदी खरं, पण कसं करायची ते तुम्हालाही माहितीये. पहाटे झुंजूमुंजू व्हायच्या आत वावरात, दहा-साडेदहाला निंबाखाली, मग भाकरी, कांदा, कैरीचं पन्हं, आणि परत हात लावायचा तो ऊन कलल्यावरच. जो नवखा पोरगा भर दुपारी जोर दाखवायला जायचा त्याला जुनी माणसं ओरडून सावलीत बोलवायची. विदर्भातला माणूस ४५ मध्ये टिकतो त्याचं कारणच हे आहे की कधी हात आखडता घ्यायचा ते त्याला कळतं. मी हॅम्बुर्गला तेच केलं, फक्त निंबाच्या जागी पाण्याचा स्टॉल होता.

आता ३१ विरुद्ध ४५ बद्दल. थर्मामीटर हवेचं तापमान सांगतो, पण पळणाऱ्या माणसाला तापवणारी मोठी भट्टी त्याच्या आतच असते. स्नायू जी ऊर्जा जाळतात त्यातली जेमतेम २०-२५ टक्के आपल्याला पुढे ढकलायला कामी येते, उरलेली सगळी उष्णता. नुसतं बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते, तोच माणूस ताशी १० किलोमीटरने पळायला लागला की ती किमान पाच-सहा पट होते. ही उष्णता बाहेर टाकायला गरम हवेत आपल्याकडे मुख्य मार्ग एकच, घाम. आणि घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे, वाळला तरच अंग थंड होतं.

आता मला सांगा, तुमचा डेझर्ट कूलर नागपुरात गारेगार हवा देतो आणि तोच कूलर मुंबईत नेला तर नुसती चिकचिक करतो, का? कारण नागपूरची मे महिन्यातली हवा कोरडी ठणठणीत असते, पाणी लगेच उडतं. अंगावरच्या घामाचंही तसंच. त्या दिवशी हॅम्बुर्गला सकाळी पाऊस शिंतडून गेलेला, मग कडक ऊन पडलं, रस्त्यांवरून वाफ उठत होती. माझ्या कोपरांवरून घाम टपाटपा गळत होता, आणि जो घाम गळून जमिनीवर पडतो तो वाया गेलेला असतो, त्याने अंगाला काडीचाही थंडावा मिळत नाही. शिवाय उन्हाची सवय हीसुद्धा एक गोष्ट आहे. शरीर उन्हाला सरावायला दहा-चौदा दिवस रोज उन्हात थोडा थोडा घाम काढावा लागतो, मग घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. लहानपणी अकोल्यात राहिल्याने ते जन्मभर पुरत नाही, काही आठवड्यांत उतरून जातं. इथे जूनमध्ये थंडीमुळे मी जॅकेट घालून ट्रेनिंग केलंय, म्हणजे ती सवय मला नव्हतीच.

तुम्ही लिहिलंय की सायकलवर चांगली जात होतात मग रनला काय झालं. हा प्रश्न चांगला आहे, आणि ट्रायथलॉनमधली उन्हाची सगळी गंमत इथेच आहे म्हणून जरा सांगते. ऑलिंपिक डिस्टन्स म्हणजे १.५ किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० पळणं. सायकलवर ताशी ३० च्या आसपास जाताना समोरून सतत वारा असतो, घाम वाळत राहतो, आणि अंग किती तापलंय याचा पत्ताच लागत नाही. एल्बे नदीच्या बाजूने जाताना तर मला मस्त वाटत होतं. मग आल्स्टर तळ्याच्या काठावर बालिनडाम रस्त्यावर ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे सायकल ठेवून पळायला निघायच्या जागी, उतरले, सायकल स्टँडला अडकवली, हेल्मेटचा पट्टा काढला आणि वारा एकदम बंद. कोणीतरी ओव्हनचं दार उघडावं तशी गरमी अंगावर आली. बूट घालायला वाकले तर कपाळावरून घामाची धार सरळ बुटात. पहिल्या काही मिनिटांत, अजून माझ्या नेहमीच्या स्पीडला पोचलेही नव्हते, घड्याळात हार्टरेट १७८. माझा १० किलोमीटरच्या रेसमधला शेवटच्या किलोमीटरचा आकडा आहे तो.

का होतं हे? रक्ताला एकाच वेळी दोन ठिकाणी जायचं असतं, पायाच्या स्नायूंना ऑक्सिजन द्यायला आणि कातडीकडे उष्णता बाहेर टाकायला. त्यात घामाने रक्तातलं पाणी कमी झालेलं, म्हणजे प्रत्येक ठोक्याला कमी रक्त, म्हणून ठोके वाढतात. त्याच वेगाने रेटलं असतं तर हार्टरेट अजून चढत गेला असता आणि चौथ्या-पाचव्या किलोमीटरला मी कुठेतरी गवतावर पडले असते. म्हणून आधीपासून ठरवलेलं केलं. प्रत्येक स्टॉलला चालायचं, एक ग्लास प्यायचा, एक डोक्यावर, टबमधला स्पंज उचलून मानेवर पिळायचा, मिळाला तर बर्फ टोपीत घालून टोपी परत डोक्यावर, आणि मग पळायचं. एका स्टॉलवर साधारण सत्तरीचे एक आजोबा बागेचा पाइप घेऊन उभे होते, प्रत्येकाला विचारून मग पाणी मारत होते, बूट भिजू नयेत म्हणून पाइप बरोबर खांद्याच्या वर धरायचे. मी तिथे तोंड वर करून उभीच राहिले. हार्टरेट दहा-बारा ठोके खाली आला आणि पुढचा तुकडा मी नीट, एका लयीत पळाले. माझे शेवटचे दोन किलोमीटर पहिल्या दोनपेक्षा फास्ट आहेत. सुरुवातीला मला ओलांडून गेलेले बरेच जण राटहाउसमार्क्टच्या, म्हणजे फिनिशच्या चौकाच्या, आधी मला चालताना दिसले, आणि ते ठरवून चालत नव्हते. एकाला गवतावर आडवं करून स्वयंसेवक त्याच्या अंगावर बर्फाचं पाणी ओतत होते, तो जर्मनमध्ये काहीतरी असंबद्ध बडबडत होता. ते मला अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता 'खरे खेळाडू थांबत नाहीत' या तुमच्या वाक्याबद्दल. ब्रिटनचा ट्रायथलीट जॉनी ब्राउनली, हे नाव शोधा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये रिओला ऑलिंपिकचं सिल्व्हर घेतलेला माणूस, सप्टेंबरमध्ये मेक्सिकोत कोझुमेलला सीझनच्या शेवटच्या रेसमध्ये सगळ्यांच्या पुढे होता, फिनिश काही शे मीटरवर, आणि उन्हाने त्याचे पाय लटपटायला लागले, दिशा कळेना. मागून आलेला त्याचा भाऊ अ‍ॅलिस्टर, जो रिओचा गोल्ड मेडलिस्ट, त्याने खांद्याला धरून त्याला ओढत नेलं आणि लाइनच्या पलीकडे ढकललं. तोपर्यंत दक्षिण आफ्रिकेचा हेन्री स्कूमन पुढे निघून जिंकला होता. जॉनी हा जगातला त्या वेळचा पहिल्या दोन-तीनातला ट्रायथलीट, दादा.

आणि आकडाच हवा असेल तर २०१९ ची दोहा वर्ल्ड चॅम्पियनशिप घ्या. बायकांची मॅरेथॉन उन्हामुळे मध्यरात्री ठेवली, सूर्य नाही काही नाही, तापमान ३२ च्या आसपास पण दमटपणा ७० टक्क्यांच्या वर. ६८ जणी पळायला लागल्या, ४० जणींनी पूर्ण केली. या सगळ्या आपापल्या देशातल्या सर्वोत्तम बायका. ३२ डिग्री. टोकियो ऑलिंपिकला ट्रायथलॉन सकाळी साडेसहाला सुरू केली ती काय खेळाडू कच्चे होते म्हणून?

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं पण लिहिते. १६ एप्रिल २०२३, खारघर. लाखो लोक सरकारी कार्यक्रमाला उघड्या मैदानात उन्हात बसले होते, पारा ३८ च्या आसपास, आणि १४ माणसं गेली. ती पळत नव्हती, सायकल चालवत नव्हती. त्यामुळे 'आपल्या लोकांना उन्हाची सवय आहे' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. ऊन लागणं म्हणजे चक्कर येऊन बसणं एवढंच नसतं. शरीराच्या आतलं तापमान ४० च्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर पुढची काही मिनिटं जीवन-मरणाची असतात, आणि डॉक्टरी सल्ला असा आहे की आधी जागेवरच थंड करा, शक्यतो गार पाण्याच्या टबात, आणि मग हॉस्पिटलला न्या. पळताना ऊन लागलं तर अंग घामाने ओलं असू शकतं, म्हणून 'घाम येतोय म्हणजे ठीक आहे' असं धरून चालू नये.

वेटसूटबद्दल लांबण लावत नाही. थंड पाण्यात नियमाने चालतो, आयर्नमनच्या रेसमध्ये पाणी २४.५ डिग्रीच्या वर गेलं की वेटसूट घालणाऱ्याला बक्षिसासाठी धरत नाहीत, आणि पाणी त्याहून बरंच कोमट झालं की बंदीच असते. तुम्ही विहिरीत पोहला असाल तर तुम्ही माझ्यापेक्षा चांगले पोहत असाल, पटकन मान्य. आल्स्टरचं पाणी मात्र चहासारखं तपकिरी असतं, स्वतःचा हात दिसत नाही, एवढं लक्षात घ्या.

आता भाच्याचं. गोव्याच्या रेसमध्ये मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर, ९० सायकल आणि २१.१ रन, एकूण साडेआठ तासांची मुदत. रन येतो तो दिवस चांगला तापल्यावर, आणि हवा समुद्राची. नागपूरच्या मुलाला ही सगळ्यात फसवी गोष्ट आहे, कारण त्याला ४० चं ऊन सोसतं पण ते कोरडं. गोव्यात पारा ३२ बघून तो म्हणेल हे तर काहीच नाही, आणि घाम वाळणारच नाही. तुम्ही त्याला 'थांबू नको' सांगून पाठवलंत तर तो तुमच्या शब्दाखातर थांबणार नाही, याची मला काळजी वाटते. घरच्या मोठ्यांनी सांगितलेलं पोरं ऐकतात, माझ्यासारखीचं वाचून विसरतात.

त्याला माझ्याकडून एवढं सांगा. जमलं तर रेसच्या आधी दहा-बारा दिवस गोव्याला किंवा कोकणात कुठे राहून हळूहळू पळावं. नसेल जमत तर नागपुरातल्या दमट दिवसांत, पाऊस उघडल्यावर दुपारी हलक्या स्पीडने सराव करावा, एकट्याने नाही, कोणीतरी सोबत हवं. तासाभराच्या रनच्या आधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करावं, मधे प्यायलेलं पाणी त्यात धरावं, म्हणजे तासाला आपला घाम किती जातो ते कळतं, आणि प्यायचं ते त्याच्या अंदाजाने. घटाघटा नुसतं पाणी प्यायचं नाही, त्याचाही धोका आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनला ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं होतं, आणि ते मुख्यतः प्रमाणाबाहेर पिणारे होते. रेस संपल्यावर वजन वाढलेलं असेल तर जास्त प्यायलं गेलंय एवढं साधं आहे ते. मीठ लागतंच, त्याला जे पचतं ते आधी सरावात घेऊन बघावं, रेसच्या दिवशी नवीन काही नको.

आणि रनमध्ये स्टॉलला चालावं. पहिल्या स्टॉलपासून, दमल्यावर नाही. सायकलवरून उतरल्यावर पहिले दोन-तीन किलोमीटर मुद्दाम हळू, कितीही बरं वाटत असलं तरी. डोकं दुखायला लागलं, अंगावर काटा येऊन थंडी वाजली, कुठल्या किलोमीटरला आहोत ते आठवेना, तर थांबून स्वयंसेवकाला सांगायचं. रेस पुढच्या वर्षी पुन्हा आहे.

तुम्ही त्याच्यासोबत गोव्याला जाणार असाल तर रनच्या रस्त्यावर उभे राहा, तो दिसला की त्याचं नाव घेऊन एक साधा प्रश्न विचारा, काल रात्री काय जेवलास वगैरे. नीट उत्तर दिलं तर जाऊ द्या पुढे. त्याला अजून काही विचारायचं असेल तर खाली लिहू दे, मी उत्तर देईन, आणि तुम्हाला माझं काही पटलं नसेल तर तुम्हीही लिहा.