बोलायला शिकून बँकेत गेलो

काल सकाळी खात्यातून 5,898 रुपये 82 पैसे गेले. 4,999 फी आणि वर 18 टक्के जीएसटी. एका मोठ्या नटाचा प्रभावी बोलण्याचा ऑनलाइन कोर्स, गेल्या वर्षी घेतलेला, न विचारता रिन्यू झाला. 15,000 पर्यंतच्या असल्या ऑटो-डेबिटला दरवेळी ओटीपी लागत नाही, 24 तास आधी मेसेज पाठवला की झालं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. मेसेज आलाही होता म्हणे, लोन आणि साडी सेलच्या ढिगात. कंपनी म्हणते नो रिफंड. म्हणून बेळगावात टिळकवाडीच्या बँकेत गेलो.

लायनीत माझ्यामागं खानापूरकडचे एक मामा, हातात पासबुक.

"कशाला आलासा?"

सांगितलं.

"बोलायचं शिकायला पैसे? मग बोला की आता, आम्ही बी ऐकतो."

काउंटर आला. नटानं शिकवलंय, समोरच्याच्या डोळ्यात बघा, पहिल्या वाक्यानंतर थांबा, शांतता काम करते. मी म्हटलं, "सर, माझ्यावर अन्याय झालाय," आणि थांबलो. क्लार्क माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाला, "नेक्स्ट, बर्री."

मामा पुढं सरकले, पण पासबुक खिशात घालून. "साहेब्र, इवर रोक्क होगेत नोड्री," म्हणजे ह्यांचे पैसे गेलेत बघा, इथपासून जे सुरू झाले ते अर्धं कन्नड, अर्धं मराठी, मधेच क्लार्कच्या गावाची चौकशी, त्यांच्या गावात मामांची मेहुणी दिलेली निघाली, आणि मला खुर्ची मिळाली. पुढच्या वर्षीचं डेबिट तिथंच बंद झालं. गेलेले पैसे मात्र गेले, त्यासाठी कंपनीशी भांडा, क्लार्क म्हणाला.

खरा राग वेगळाच आहे. कोर्सचा निम्मा वेळ नटाच्या जुन्या आठवणी. अमेरिकेतल्या मास्टरक्लास या साइटनं 2015 पासून हाच धंदा मोठा केला, तिथं कास्पारोव बुद्धिबळ शिकवतो, पण तुम्ही वजीर फुकट घालवलात तर त्याला काय कळणार, तो रेकॉर्डेड! उलट एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीचे प्राध्यापक, ज्यांना गल्लीत कोण ओळखणार नाही, ते फुकट शिकवतात, दर आठवड्याला असाइनमेंट देतात, फी लागते ती फक्त परीक्षेला बसायचं असेल तर. आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्वसुद्धा मुंबईत देवधर मास्तरांसमोर बसूनच शिकले, आणि चुकलं तर मास्तर तिथंच थांबवणार ना. आम्ही मात्र चेहऱ्याचे पैसे भरतो, त्यावर जीएसटीही भरतो.

मामांना फोनवर नटाचा व्हिडिओ दाखवला. फुल्ल आवाजात, सगळ्या बँकेला ऐकू जाईल असा, त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"माणूस बरा हाय," फोन परत देत म्हणाले. "पण ह्याला मधी कोण अडवत न्हाई न्हवं, म्हणून जमतंय बघा."