झापोटेक ‘अस्थिकलशां’त राख नसते

मेक्सिकोतल्या वाहाका खोऱ्यातल्या मातीच्या बैठ्या मूर्तींचा फोटो ‘झापोटेकांचे अस्थिकलश, आत मृतांची राख’ अशा ओळीसह फिरतोय. हे चूक आहे. झापोटेक लोक मृतांना सहसा पुरत. कलश थडग्यात किंवा दारावरच्या कोनाड्यात ठेवत. मूर्तीच्या पाठीला चिकटलेलं उभं नळकांडं हेच खरं भांडं, आणि समोरून काढलेल्या फोटोत नेमकं तेच दिसत नाही! मूर्तीच्या चेहऱ्यावरचा मुखवटा वीज-पावसाचा देव कोसिहो याचा असला तरी त्यामागचा माणूस पूर्वज असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

अस्थींचंच बोलायचं तर याच खोऱ्यातल्या लाम्बित्येको या प्राचीन झापोटेक वस्तीतलं ६ क्रमांकाचं थडगं पाहा. वरच्या गिलाव्याच्या शिल्पपट्टीत पुरुषाच्या हातात मांडीचं हाड आहे. थडग्यातली काही मांडीची हाडं गायब. अधिकाराची खूण म्हणून ती वंशजांनीच काढून नेली असावीत.